दिव्यांग बालकांचे शिक्षण व व्यवसायप्रशिक्षण : जुन्नर व आंबेगाव

शारीरिक, ज्ञानेंद्रियविषयक किंवा बौद्धिक न्यूनतेमुळे ज्या बालकांना नेहमीच्या अध्यापनाचा पुरेसा लाभ घेता येत नाही, त्यांच्यासाठी विशेष साधने, पद्धती व शिक्षक यांच्या साहाय्याने केलेली शिक्षणाची आणि उपजीविकेच्या पूर्वतयारीची व्यवस्था. या व्यवस्थेचा उगम व विस्तार मुख्यतः मोठ्या शहरांत झाला. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांसारख्या डोंगराळ व शेतीप्रधान प्रदेशात ती नेताना जे प्रश्न उद्‌भवतात, त्यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे.

मराठीत या बालकांसाठी ‘अपंग’ ही संज्ञा दीर्घकाळ रूढ होती. शासनव्यवहारात तिची जागा आता ‘दिव्यांग’ या संज्ञेने घेतली आहे. ‘मतिमंद’ऐवजी ‘बौद्धिक अक्षमता असलेला’ आणि ‘मूकबधिर’ऐवजी ‘कर्णबधिर’ असे म्हणण्याचा प्रघात पडला आहे. यांतील दुसरा बदल केवळ सौजन्यापोटी झालेला नाही. बहुसंख्य बधिर बालकांची वाचेंद्रिये निर्दोष असतात. भाषा कानांवर न पडल्यामुळे ती बोलू शकत नाहीत. मुकेपणा हा बहिरेपणाचा परिणाम असून योग्य वेळी उपाय केल्यास तो बऱ्याच अंशी टाळता येतो, ही गोष्ट जुन्या संज्ञेने झाकली जात होती.

प्रदेश व लोक : जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या माथ्यावर व त्याच्या फाट्यांत पसरलेला आहे. तेथे पाऊस विपुल पडतो आणि वस्ती विरळ, वाड्यावाड्यांतून विखुरलेली आहे. महादेव कोळी व ठाकर हे तेथील प्रमुख आदिवासी समाज असून भात, नाचणी, वरई ही पिके व जंगलातील हिरड्याची वेचणी यांवर त्यांची गुजराण चालते. पूर्वेकडे पाऊस कमी होत जातो. परंतु कुकडी प्रकल्पातील माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे या धरणांमुळे तेथे ऊस, द्राक्षे, कांदा, टोमॅटो व भाजीपाला यांची बागायती वाढली आहे. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात मूळ आंबेगाव हे गाव बुडाले; तालुक्याचे मुख्य ठिकाण घोडेगाव येथे आहे. पुणे–नाशिक महामार्गावरील मंचर, नारायणगाव व आळेफाटा या बाजारपेठा पूर्वेकडील भागाला शहरांशी जोडतात. पश्चिमेकडील वाड्यांना मात्र या महामार्गापर्यंत येणे हाच एक प्रवास असतो व पावसाळ्यात तो अधिकच बिकट होतो.

दिव्यांग बालकाच्या शिक्षणाच्या दृष्टीने हा भूगोल निर्णायक ठरतो. धडधाकट मूल ओढा ओलांडून व डोंगर उतरून शाळा गाठते. कुबडीवर चालणाऱ्या, पांढरी काठी घेऊन वाट शोधणाऱ्या किंवा एकटे सोडता न येणाऱ्या बालकाला तीच वाट बंद असते. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात सु. २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या व त्यांपैकी सु. १ कोटी ८६ लाख ग्रामीण भागात राहत होत्या. महाराष्ट्रात ही संख्या सु. २९ लाख ६३ हजार होती. म्हणजे दर तीन दिव्यांग व्यक्तींपैकी दोघींचे वास्तव्य खेड्यांत आणि त्यांच्यासाठी उभ्या राहिलेल्या संस्था मात्र बव्हंशी शहरांत, अशी विषम विभागणी देशभर आढळते.

ऐतिहासिक आढावा : भारतातील बधिरांची पहिली शाळा मुंबईत १८८४ मध्ये रोमन कॅथलिक मिशनच्या पुढाकाराने निघाली. ॲनी शार्प यांनी १८८७ मध्ये अमृतसर येथे अंधांसाठी पहिली शाळा स्थापन केली. मुंबईत ॲना मिलार्ड यांनी १९०० मध्ये सुरू केलेली शाळा पुढे दादर येथील अंधशाळा म्हणून प्रसिद्धीस आली. तिच्यापाठोपाठ १९०२ मध्ये ताडदेव येथे व्हिक्टोरिया स्मारक अंधशाळा निघाली. पुणे येथील अंधशाळा डॉ. शंकरराव माचवे यांच्या प्रयत्नांनी १९३४ मध्ये सुरू झाली. बौद्धिक अक्षमता असलेल्या बालकांसाठी मुंबईत जय वकील शाळा (१९४४) आणि पुण्यात सिंधुताई जोशी यांनी स्थापिलेली कामायनी (१९६४) या संस्थांनी आरंभीचे कार्य केले. मेंदूच्या पक्षाघाताने पीडित बालकांसाठी मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत संस्था काढली. बधिरत्व व अंधत्व ही दोन्ही एकत्र असलेल्या बालकांसाठी मुंबईत हेलन केलर संस्था १९७७ मध्ये स्थापन झाली. श्रवणदोषांविषयीच्या संशोधनासाठी व शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये सुरू करण्यात आली.

व्यवसायप्रशिक्षणाचा प्रारंभ युद्धातील जखमी सैनिकांमुळे झाला. पहिल्या महायुद्धात अपंगत्व आलेल्या सैनिकांना हस्तव्यवसाय शिकविण्यासाठी १९१७ मध्ये क्वीन मेरी तांत्रिक संस्था स्थापन झाली. ती पुढे खडकी येथे स्थिरावली. पुणे येथील कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मधील आहे. स्वातंत्र्यानंतर नागरी क्षेत्रातही अशी सोय होऊ लागली. अपंगांसाठी पहिले विशेष सेवायोजन कार्यालय १९५९ मध्ये मुंबईत उघडले आणि केंद्र शासनाच्या पहिल्या दोन व्यवसाय-पुनर्वसन केंद्रांपैकी एक १९६८ मध्ये तेथेच निघाले.

यांपैकी जवळजवळ प्रत्येक संस्था रेल्वे व कारखाने असलेल्या शहरात स्थापन झाली. जुन्नर वा आंबेगाव तालुक्यातील पालकाला पाल्याच्या विशेष शिक्षणासाठी प्रथम पुण्याचाच विचार करावा लागे. मंचरपासून पुणे सु. ६० किमी., नारायणगावपासून सु. ७५ किमी. व जुन्नरपासून सु. ९५ किमी. आहे. एवढ्या अंतरावरील शाळेत मूल घालणे म्हणजे त्याला वसतिगृहात ठेवणे होय. सहासात वर्षांचे मूल घरापासून दूर पाठविण्यास, विशेषतः मुलीच्या बाबतीत, कुटुंबे सहसा राजी नसतात. खेड तालुक्यातील आळंदी येथे अंध मुलींसाठी असलेली जागृती ही निवासी शाळा या प्रदेशाला त्या मानाने जवळची आहे.

धोरण व कायदे : कोठारी आयोगाने (१९६४–६६) अपंग बालकांना शक्य तेथवर सर्वसामान्य शाळांतच शिक्षण द्यावे, अशी शिफारस केली. १९७४ मध्ये केंद्र शासनाने एकात्म शिक्षणाची योजना सुरू केली. अपंग व्यक्ती अधिनियम १९९५ मध्ये संमत झाला. त्याच्या जागी आलेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आहेत. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला नजीकच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण मिळण्याचा हक्क आहे. उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा व शासकीय नोकऱ्यांत किमान ४ टक्के पदे राखीव ठेवण्याची तरतूदही त्यात आहे. महाराष्ट्रात दिव्यांग कल्याणाचे आयुक्तालय पुणे येथे असून २०२२ मध्ये राज्याने या कामासाठी स्वतंत्र विभाग निर्माण केला. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. एखाद्या गावातील एकाच मुलाच्या चाकाच्या खुर्चीचा वा शाळेतील उतरणीचा खर्च यातून ग्रामपंचायतीलाही करता येतो.

सर्व शिक्षा अभियानापासून (२००१) व पुढे समग्र शिक्षा योजनेतून (२०१८) तालुका पातळीवरील गट साधन केंद्रांना विशेष शिक्षक जोडण्यात आले. हे शिक्षक शाळाशाळांतून फिरतात, वर्गशिक्षकांना मार्गदर्शन करतात आणि अंथरुणास खिळलेल्या बालकांना घरी जाऊन शिकवितात. ग्रामीण भागाच्या दृष्टीने या योजनेचे महत्त्व मोठे आहे. कारण तीत मूल शाळेकडे नेण्याऐवजी शिक्षक मुलाकडे जातो. डोंगरी भागात मात्र अशा शिक्षकाचा बराचसा दिवस प्रवासातच जातो. ज्या मुलाला रोजच्या सरावाची गरज असते, त्याला आठवड्यातून वा पंधरवड्यातून एकदा होणारी भेट अपुरी पडते. मधल्या दिवसांत सराव घेणारी माणसे, म्हणजे आई, आजी, अंगणवाडी सेविका व वर्गशिक्षक, यांना ते कौशल्य शिकविणे हाच त्यावरील व्यवहार्य उपाय होय. पश्चिम भागातील आश्रमशाळांत निवासाची सोय असते. त्या सर्वसामान्य विद्यार्थ्यांसाठी योजिलेल्या असल्या, तरी विशेष शिक्षकाची जोड मिळाल्यास अंतराचा प्रश्न त्यांच्याद्वारे पुष्कळसा सुटू शकतो.

शिक्षणाच्या पद्धती : न्यूनतेच्या स्वरूपानुसार शिक्षणाची रीत बदलते. अंध बालकाच्या शिक्षणाचा पाया ब्रेल लिपी हा आहे. फ्रान्समधील लूई ब्रेल (१८०९–५२) याने तयार केलेल्या या लिपीत दोन स्तंभांत मांडलेल्या सहा टिंबांपासून ६३ चिन्हे होतात. भारतीय भाषांसाठी ‘भारती’ ही समान ब्रेल लिपी १९५१ मध्ये स्वीकारण्यात आली. पाटी व टोचणी यांच्या साहाय्याने लिहिताना कागदावर उजवीकडून डावीकडे टोचावे लागते, म्हणजे कागद उलटल्यावर उठावाची अक्षरे डावीकडून वाचता येतात. गणितासाठी टेलर पाटी व मणिचौकट वापरतात. लिहिण्यावाचण्याइतकेच महत्त्व स्वतंत्रपणे हिंडण्याफिरण्याच्या शिक्षणाला आहे. शहरात पदपथ व भिंती यांच्या आधाराने वाट ओळखण्यास शिकवितात. खेड्यात बांध, पाण्याचा आवाज, गोठ्याचा वास, पायाखालची माती ही खुणेची साधने होतात. म्हणून चालण्याचे शिक्षण मुलाच्या स्वतःच्या गावातच देणे इष्ट ठरते. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या संगणकीय व भ्रमणध्वनीवरील प्रणालींमुळे पुस्तकांची उणीव बरीच कमी झाली आहे.

कर्णबधिर बालकाच्या बाबतीत वय हा सर्वांत महत्त्वाचा घटक असतो. भाषा आत्मसात करण्याची क्षमता जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत सर्वाधिक असते. या काळात श्रवणदोष ओळखून श्रवणयंत्र किंवा कर्णशंकूचे प्रतिरोपण यांची जोड दिल्यास वाणीचा विकास होऊ शकतो. ते शक्य नसल्यास खुणांची भाषा लवकर शिकविणे आवश्यक असते; कारण कोणतीच भाषा न मिळाल्यास विचारशक्तीचीही वाढ खुंटते. ‘उशिरा बोलेल’ या समजुतीने वाट पाहण्यात ही वर्षे निघून जातात व शाळेच्या वयात तपासणी होते, तेव्हा सर्वांत मोलाचा काळ हातचा गेलेला असतो.

बौद्धिक अक्षमता असलेल्या बालकासाठी प्रत्येकाचा स्वतंत्र शिक्षण-आराखडा तयार करतात. कपडे घालणे, जेवणे, पैसे ओळखणे, एसटीचा फलक ओळखणे यांसारख्या नित्याच्या कृती हाच अभ्यासक्रम असतो. मोठी कृती लहान लहान टप्प्यांत विभागून एकेक टप्पा पक्का करवून घेणे, हे या पद्धतीचे मुख्य तंत्र होय. मेंदूच्या पक्षाघातात अंगस्थितीला आधार देणारी खुर्ची, भौतिकोपचार व बोलण्याला पर्याय म्हणून चित्रफलक यांचा उपयोग करतात. हातापायांच्या हालचाली आणि वाचा यांवर परिणाम झालेल्या मुलाची बुद्धी शाबूत असू शकते. त्याचा अंतर्भाव बौद्धिक अक्षमतेत करणे, ही वारंवार घडणारी व दूरगामी नुकसान करणारी चूक होय.

व्यवसायप्रशिक्षण : विशेष शाळांतून साधारणतः १४ व्या वर्षानंतर व्यवसायपूर्व शिक्षण सुरू होते आणि १८ व्या वर्षानंतर कार्यशाळेत प्रशिक्षण दिले जाते. खुर्च्या विणणे, हातमाग, मेणबत्त्या व खडू तयार करणे, कागदी पिशव्या, पुस्तकबांधणी व शिवणकाम हे परंपरागत व्यवसाय होत. मुंबईतील जोगेश्वरी येथे ‘नॅब’ या संस्थेच्या औद्योगिक गृहात अंधांना हलक्या यंत्रकामाचे शिक्षण मिळू लागले. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोडा येथे बाबा आमटे (१९१४–२००८) यांनी स्थापिलेल्या आनंदवनात ‘संधिनिकेतन’ या विभागाद्वारे अपंगांना विविध हस्तव्यवसाय शिकविले जातात. कोल्हापूरच्या हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड या १९८४ मध्ये नसीमा हुरजूक यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या संस्थेने सिंधुदुर्ग जिल्ह्यात काजूप्रक्रियेचा उद्योग उभारून स्थानिक पिकाशी प्रशिक्षणाची सांगड घातली.

परंपरागत व्यवसायांपैकी पुष्कळ व्यवसायांना खेड्यात बाजार नसतो. शहरातील वसतिगृहात वेताच्या खुर्च्या विणण्यास शिकून गावी परतलेल्या युवकाला विणावयास खुर्च्या मिळत नाहीत. मेणबत्त्या विकण्यासाठी त्याला पुन्हा शहरातच जावे लागते. प्रशिक्षण पूर्ण झाले, तरी उपजीविका उभी राहत नाही. यासाठी प्रशिक्षणाचा विषय परिसरातील प्रत्यक्ष व्यवहारातून निवडणे जरूर असते. ग्रामीण अंधांना शेतीचे शिक्षण देण्याचा लक्षणीय प्रयोग ‘नॅब’ने गुजरातमधील फणसा येथील केंद्रात १९६० पासून केला. मुळशी तालुक्यातील कोळवण खोऱ्यात १९९४ मध्ये सुरू झालेल्या ‘साधना व्हिलेज’ या संस्थेत बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांच्या निवासाची व कामाची ग्रामीण वातावरणात व्यवस्था आहे.

जुन्नर व आंबेगाव यांच्या अर्थव्यवस्थेत अशा कामांची उणीव नाही. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो सु. २० किग्रॅ.च्या क्रेटमधून विकला जातो. त्यापूर्वी शेतावर त्याची आकार व रंग यांनुसार प्रतवारी करावी लागते. ही कृती टप्प्याटप्प्याने शिकविता येते : प्रथम फुटका व सडका माल वेगळा काढणे, नंतर आकारमापक कड्यातून फळ घालून पाहणे, त्यानंतर रंग ओळखणे व शेवटी क्रेट भरणे. यांतील पहिले दोन टप्पे बौद्धिक अक्षमता असलेला युवक सरावाने बिनचूक करू शकतो. पॉलिथिनच्या पिशव्यांत व तबकांत रोपे तयार करणे, द्राक्षांचे खोके भरणे, कांद्याची निवड हीही बसून करता येण्याजोगी कामे असल्याने पायांनी अधू असलेल्यांना ती जमतात. दुभत्या जनावरांची धार काढणे, वैरण घालणे व कोंबड्या पाळणे ही कामे अंध व्यक्ती स्पर्श व आवाज यांच्या आधाराने करतात. ठराविक अंतरावर गाठी मारलेली दोरी वाफ्यावर ताणल्यास रोपांची लागण डोळ्यांवाचूनही सरळ रेषेत होते. पश्चिम भागात हिरडा वाळविणे व निवडणे, डिंभे जलाशयाकाठी मासेमारीची जाळी विणणे व दुरुस्त करणे, ही कामे हाताशी आहेत. नारायणगाव येथे ग्रामोन्नती मंडळाचे कृषि विज्ञान केंद्र असून शेतीविषयक प्रशिक्षणाची घडी तेथे बसलेली आहे. अशा केंद्रातील शेतीतज्ज्ञ व विशेष शिक्षक यांची सांगड घातल्यास नवीन इमारतीवाचूनही काम सुरू होऊ शकते.

या कामांत काही धोकेही आहेत. कडबा कापण्याचे यंत्र व मळणीयंत्र यांत हात सापडून धडधाकट माणसेही कायमची अपंग होतात. म्हणून ज्यांना धोक्याची जाणीव वेळीच होत नाही अशांना फिरत्या यंत्रापासून दूर ठेवणे आणि फवारणीची औषधे कुलपात ठेवणे, हे प्रशिक्षणाचेच अंग मानले पाहिजे. दुसरा धोका पिळवणुकीचा आहे. कुटुंबात वा शेजारी दिव्यांग व्यक्तीच्या कामाचा मोबदला ‘जेवण व कपडे’ एवढ्यावर भागविण्याची प्रवृत्ती असते. आपल्या कामाचे मोल किती, ते मोजून घेणे व स्वतःच्या बचत खात्यात भरणे, हे हस्तकौशल्याइतकेच शिकविणे आवश्यक असते. महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेतही पाणी पाजणे, मुले सांभाळणे यांसारखी कामे दिव्यांगांना देण्याची तरतूद करण्यात आली होती.

प्रमुख अडचणी : सर्व सवलतींसाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र लागते. त्यासाठी करावयाच्या तपासणीचे विशेषज्ञ प्रत्येक गावाजवळ नसतात. मंचर येथे उपजिल्हा रुग्णालय व पुण्यात औंध येथे जिल्हा रुग्णालय आहे. तेथवरच्या खेपांत मोलमजुरी करणाऱ्या आईबापांचा दिवसाचा रोज बुडतो. एसटीच्या भाड्यात दिव्यांगांना सवलत असली, तरी ती मिळविण्यासाठीही आधी ओळखपत्र हवे असते. तालुक्याच्या ठिकाणी नियमितपणे भरणारी तपासणी-शिबिरे या अडचणीवर उपयुक्त ठरतात.

मुलींच्या बाबतीत शिक्षण लवकर थांबते. वयात आल्यावर त्यांच्या सुरक्षिततेची काळजी, शाळेत सोयीच्या स्वच्छतागृहाचा अभाव आणि ‘हिला शिकवून काय उपयोग’ ही धारणा ही त्याची कारणे होत. घरी राहिलेली मुलगी बहुधा लहान भावंडे व स्वयंपाक सांभाळते. तिच्या या कामाची गणना ना शिक्षणात होते ना व्यवसायात.

कायद्याने दिलेला मोफत शिक्षणाचा हक्क १८ व्या वर्षी संपतो. शाळेतील दिनक्रम, मित्र व शिक्षक एकाच वेळी सुटतात आणि नजीक कार्यशाळा नसेल, तर दहाबारा वर्षांत मिळविलेली कौशल्ये घरी बसून हळूहळू विसरली जातात. बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या पालकांपुढे याहून कठीण प्रश्न असतो, तो म्हणजे आपल्या पश्चात मुलाचे काय होणार हा. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने स्वपरायणता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविध अपंगत्व असलेल्या प्रौढांसाठी कायदेशीर पालक नेमण्याची सोय केली आहे. कागदोपत्री पालकत्वाने संपत्तीचे रक्षण होते. रोजच्या जगण्याचा आधार मात्र गावात ओळखीच्या माणसांमध्ये असलेल्या नियमित कामातूनच मिळतो. गोठ्यात वा रोपवाटिकेत वर्षानुवर्षे काम करणाऱ्या व्यक्तीला गाव ओळखते, तिची अनुपस्थिती शेजाऱ्यांच्या ध्यानात येते आणि आईबापांच्या मागे तिची जबाबदारी घेणारे कोणी ना कोणी निघण्याचा संभव वाढतो. या कारणाने ग्रामीण भागातील व्यवसायप्रशिक्षणाचे यश केवळ मिळकतीच्या आकड्यांवरून न मोजता, प्रशिक्षित व्यक्ती आपल्याच गावात किती काळ कामावर टिकून राहिली, यावरूनही मोजणे योग्य ठरते.